दरोड्याचं बटण

कॅश काउंटरवर जड वस्तू हाताशी ठेवू नये, हे मला कुणी शिकवलं नाही. पंचिंग मशीन खणात, पेपरवेट खणात, शिक्क्याचा लाकडी दांडा आपल्या पोटाच्या बाजूला. समोर राहील ती फक्त नोटा मोजायची स्पंजची वाटी, तीही प्लास्टिकची. काचेला खाली जी अर्धगोल खिडकी असते तिच्यातून माणसाचा हात कोपरापर्यंत आत येतो, हे माप डोक्यात पक्कं. बँकेत लागल्यावर वर्ष-दोन वर्षांत हे सगळं आपसूक अंगवळणी पडलं.

शेजारच्या काउंटरवर एक सर होते, निवृत्तीला आलेले. ते टाचण्यांचा डबासुद्धा समोर ठेवत नसत. मी नवी होते, हसले असेन. त्यांनी भुवईवरची पांढुरकी रेघ दाखवली आणि म्हणाले, "ही १९९०ची कर्जमाफी."

त्या वर्षी दहा हजारांपर्यंतची शेतीकर्जं माफ झाली होती. कुणाची बसतात, कुणाची बसत नाहीत, हे ठरलं दिल्लीत. "तुमचं बसत नाही" हे सांगायचं काम मात्र सरांच्या वाट्याला आलं. समोरच्यानं पितळी डबा उचलून मारला. तो सरांना पुढेही दर महिन्याला भेटायचा, कारण त्याचं खातं तिथंच होतं. हे सांगताना सरांच्या आवाजात राग नव्हता. पावसाची गोष्ट सांगावी तसं ते सांगत होते. मला तेव्हा ते मोठेपण वाटलं होतं. आज तसं वाटत नाही.

मी २९ वर्षं काचेच्या आतल्या बाजूला बसले, त्यातली बरीचशी बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत. बँक कुठली, शाखा कुठली ते सांगत नाही. सरकारी बँक होती, एवढं पुरे. आमच्या भागात काउंटरवर बसायचं म्हणजे तोंडात दोन भाषा तयार ठेवायच्या. समोरच्या माणसाच्या पटक्यावरून, कुंकवावरून, बोटातल्या अंगठीवरून अंदाज घ्यायचा आणि "बर्री अण्णा" म्हणायचं की "या की मामा" म्हणायचं ते ठरवायचं. चुकलं तर तो हसून दुरुस्त करायचा. निदान आधी करायचा. समोरच्याच्या भाषेत पहिलं वाक्य बोललं की त्याचा निम्मा ताव तिथंच उतरतो. कुठल्याही ट्रेनिंगात ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही, उलट 'ग्राहक देवो भव'ची पाटी तेवढी मिळाली. देवाच्या हातातही शस्त्रं असतात, हे पाटी लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं.

तर नोव्हेंबर २०१६.

८ तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्याचं टीव्हीवर सांगितलं तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. ९ला बँका बंद, १०ला उघडल्या. पुढचे पन्नास दिवस मी कशी जगले हे मला नीट आठवतही नाही. सकाळी एक परिपत्रक यायचं, संध्याकाळी दुसरं. नोटा बदलून द्यायची मर्यादा चार हजार, मग साडेचार, मग दोन हजार, मग बंदच. बोटाला शाई लावायची. १४ तारखेपासून जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली, आणि ज्यांचा सगळा व्यवहार सोसायटीच्या पासबुकात होता ते सगळे आमच्या दारात आले. रांग पहाटे चारला लागायची. त्यातच उसाचा हंगाम, त्यातच तुळशीची लग्नं होऊन माणसांची लग्नं सुरू झालेली. आमच्याकडे दिवसाला जेवढी रोकड यायची ती दीड-दोन तासांत संपायची. मग उरलेला दिवस मी एकच शब्द बोलायची. मराठीत 'संपली', कन्नडमध्ये 'मुगीतु'.

तो माणूस साठीच्या आतला. मुलगी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उजवणार होती. लग्नघराला अडीच लाख काढता येतील असं १७ तारखेला जाहीर झालं होतं. त्यानं ते टीव्हीवर स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. २१ तारखेला अटींचं पत्रक आलं, ते मात्र टीव्हीनं तेवढं घोकलं नाही. ८ नोव्हेंबरला खात्यावर जी शिल्लक होती तिच्यातूनच पैसे काढायचे. लग्न ३० डिसेंबरपर्यंतचं हवं. पत्रिका हवी, हॉलच्या पावत्या हव्यात, ज्यांना रोख द्यायची त्यांची यादी हवी, आणि आपलं बँकेत खातं नाही असं त्यांच्याकडून लिहून आणलेलं हवं. वाजंत्रीवाल्याकडून असं लिहून आणा म्हणून सांगताना माझीच जीभ अडखळायची.

ह्या माणसानं कागद सगळे आणले होते. अडचण निराळीच होती. लग्नासाठी डब्यात साठवलेले पैसे जुन्या नोटांत होते, ते त्यानं ११ तारखेला खात्यात भरले. म्हणजे ८च्या शिल्लकेत ते नाहीत. म्हणजे आठवड्याला चोवीस हजार, तेही असतील तर. ११ तारखेच्या पावतीवर सही माझी होती. 'पैसे सुरक्षित आहेत, काळजी करू नका' असंही मीच म्हणाले होते.

"पैसे माझे हाईत, बाई. तू कोण न्हाई म्हणणारी?"

मी म्हटलं, नियम आहे. त्यानं पत्रिका काचेला टेकवली. मी पुन्हा म्हटलं, नियम आहे. तिसऱ्यांदाही तेच म्हटलं. आज एखादं वाक्य परत घ्यायची मुभा मिळाली तर ते हे घेईन. नियम खरा होता, पण सात तास उभ्या राहिलेल्या माणसाला तो दगडासारखा लागतो आणि मग तो दगडच उलटा फेकतो.

हात आत आला तो कोपरापर्यंतच. माझं माप बरोबर होतं. पण त्यानं माझं मनगट धरून ओढलं, तेव्हा मी पुढे गेले. ते मापात धरलं नव्हतं. कपाळ काचेवर आपटलं. दिवाळीला भरलेल्या हिरव्या बांगड्या खिडकीच्या कडेवर फुटल्या, दोन-तीन तुकडे आत शिरले. तो काय ओरडत होता ते आठवत नाही. आठवतं ते त्याच्या उजव्या हाताचं बोट. त्यावर आम्हीच लावलेली शाई होती.

कॅश काउंटरच्या टेबलाखाली पायाशी एक बटण असतं. दरोडा पडला तर पायानं दाबायचं, म्हणजे दरोडेखोराला कळत नाही आणि सायरन वाजतो. पंचवीस वर्षांत मी ते कधी दाबलं नव्हतं. त्या दिवशी दाबलं.

सायरन वाजला आणि जे झालं ते चांगलं झालं नाही. दरोडा पडला म्हणून लोक दाराकडे धावले. पायरीवर एक म्हातारी पडली, तिच्या गुडघ्याला लागलं. बंदोबस्ताचा पोलीस आत आला आणि ह्या माणसानं हात सोडला. सोडल्यावर तो खाली बसला, पत्रिका गोळा करत. त्या म्हातारीचं मला अजून वाईट वाटतं, हे लिहायला हवं म्हणून लिहिते.

चौथ्या दिवशी मला मेमो आला. दरोडा किंवा दरोड्याचा प्रयत्न नसताना सायरन वाजवल्यानं ग्राहकांत घबराट पसरली, तरी तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. मनगटाचा उल्लेख नव्हता. मी खुलाशात लिहिलं की हात रोकडीपर्यंत पोचला नव्हता, माझ्यापर्यंत पोचला होता. मॅनेजरनी ते वाक्य काढायला लावलं. त्यांनाही दोष देववत नाही. तिशीतला पोरगा, दूरच्या राज्यातून आलेला, दोन्ही भाषा येत नव्हत्या, रात्री अकराला घरी जायचा. तो म्हणाला, मॅडम, हे वाक्य वर गेलं तर आणखी प्रश्न येतील. त्याचं खरं होतं. कॅश मोजायची, कॅशचा विमा काढायचा, कॅशसाठी ग्रिल, कॅशसाठी बंदूकवाला, कॅशसाठी पायाखालचं बटण. कॅशियरचं नाव कॅशवरूनच पडलंय म्हटल्यावर तिच्यासाठी वेगळं बटण कशाला?

पण मेमोपेक्षा मला त्या दिवशीची संध्याकाळ जास्त लागली.

पाचच्या सुमाराला गावातले तिघे-चौघे आले. सगळे ओळखीचे, सगळे मराठी, त्यातल्या एकाचा सीमाप्रश्नाच्या मोर्चात दरवर्षी पुढे चालायचा मान. माझ्यासमोर चहा ठेवून म्हणाले, "ताई, मिटवूया की. आपलाच माणूस हाय. पोरीचं लगीन हाय त्याच्या." मी हातावर पट्टी घेऊन बसलेली. आपलाच माणूस. मी त्या शब्दावर थांबले. मारणारा आपला होता म्हणून हा मार भांड्याला भांडं लागल्यासारखा झाला होता. तो कन्नड असता तर? हेच चौघे मला गाडीत घालून पोलीस स्टेशनला घेऊन गेले असते, माझ्या फुटलेल्या बांगड्यांचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात असता, मराठी भगिनीवर हल्ला म्हणून. आणि मी कन्नड असते, तो मराठी असता, तर तोच फोटो दुसऱ्या भाषेतल्या पेपरात.

मनगट तेच राहिलं असतं.

सरकारी बँकेचा नोकर कायद्यानं लोकसेवक, म्हणून तेव्हा दंड संहितेचं ३५३ कलम लागत होतं. कामात असलेल्या लोकसेवकावर हात उचलला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा, जामीन हक्कानं मिळत नाही. पण तक्रार द्यायची कुणी? बँक म्हणून द्यायची तर वरून विचारावं लागेल. "मॅडम, तुम्ही वैयक्तिक द्या." वैयक्तिक म्हणजे मी एकटीनं ठाण्यात जायचं, मग वर्षानुवर्षं रजा टाकून कोर्टाच्या तारखांना जायचं आणि रोज त्याच गावात, त्याच्याच भावकीच्या लोकांसमोर काउंटरवर बसायचं. मी दिली नाही. म्हातारीच्या गुडघ्याचा विचार होता, लग्नाचा होता, हे खरं. भीती होती, हेही खरं. तो माणूस त्यानंतर कधी माझ्या रांगेत आला नाही. माझ्याकडे दोनच माणसं असोत आणि शेजारी वीस, तो शेजारच्या रांगेतच उभा राहायचा. माझी बदली होईपर्यंत.

आता शेजारच्या अक्कांच्या थोरल्याबद्दल.

आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो. गल्लीत अजून चार घरांत यंत्रमाग आहेत. त्यांचा खडखडाट थांबला की लाईट गेली हे कळतं. आमच्या भिंतीला भिंत लागून अक्कांचं घर. त्यांचं घर कन्नड, आमचं मराठी, आणि मधल्या भिंतीवरून तीस वर्षं कढीपत्ता, होळगी आणि पुरणपोळी जाते-येते, ज्या दोन्ही एकच आहेत हे दोन्ही घरांना माहीत आहे. त्यांचा थोरला बस कंडक्टर. त्याला मी पाटीवर 'अ' आणि 'ಅ' दोन्ही गिरवून घेतलेत... नाही, खोटं कशाला, कन्नड त्याच्या आईनं गिरवून घेतलं, मी शेजारी बसून शिकले.

२१ फेब्रुवारी २०२५ला सुळेभावीकडून येणाऱ्या गाडीत बाळेकुंद्रीजवळ एका कंडक्टरला मारहाण झाली. तिकिटावरून सुरू झालं, भाषेवर गेलं. मराठी येत नाही म्हणाला म्हणून मारलं असं त्यानं सांगितलं. त्याच्यावरही उलट गुन्हा दाखल झाला, तो पुढे मागे घेतला गेला. त्या मारहाणीचा सूड म्हणून तिकडे चित्रदुर्गला महाराष्ट्राच्या एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासलं. महाराष्ट्रानं गाड्या थांबवल्या, निपाणी-कोगनोळीच्या अंगाला माणसं पिशव्या घेऊन ताटकळली. २२ मार्चला कर्नाटक बंदची हाक आली. कोण कुठल्या बाजूला, कुणाचा झेंडा, कुणाचा बोर्ड फाडला, महिनाभर हेच. त्या महिन्याभरात मी तीन पेपर वाचत होते, दोन मराठी, एक कन्नड. उद्या सकाळी पहिल्या फेरीला जो कंडक्टर ह्याच रस्त्यानं जाईल त्याला मार पडू नये म्हणून काय करायचं, ह्यावर चार ओळी शोधत होते. मला सापडल्या नाहीत.

आमच्याकडे मार खाल्लेला माणूस तासाभरात झेंडा होतो. झेंड्याला पगार नसतो, पाळी नसते, पाठीत दुखत नाही. बाळेकुंद्रीचा कंडक्टर आणि चित्रदुर्गचा ड्रायव्हर ही दोन वेगळ्या बाजूंची माणसं म्हणून मोजली गेली. खरं म्हणजे दोघांचं काम एक, दोघांचा खाकी रंग एक, आणि दोघांनी जे निर्णय घेतले नव्हते त्यांच्यासाठी दोघांना धरलं. मराठी माणसानं हात उचलला तेव्हा आपण मराठी लोकांनी "पण त्यानं आधी काय म्हटलं ते बघा" एवढंच म्हटलं. मीही स्वयंपाकघरात तेच म्हटलं होतं. मग भिंतीपलीकडून अक्कांचा आवाज आला, थोरल्याला फोनवर सांगत होत्या, शेवटच्या स्टॉपला पोचलास की मिस्ड कॉल दे. मी गॅस बंद केला.

तेव्हापासून तो मिस्ड कॉल देतो. जाताना एक, येताना एक. अक्का उचलत नाहीत, नुसती रिंग ऐकतात.

एकदा रविवारी त्याला बसवून विचारलं, भांडण नेमकं लागतं कुठं? मला वाटलं होतं तो भाषा म्हणेल. तो म्हणाला, "काकू, पहिलं चिल्लर. दुसरं आधार. तिसरं गर्दी. भाषा नंतर येते, आधीच्या रागाला."

आधार म्हणजे असं: ११ जून २०२३पासून कर्नाटकात बायकांना राज्यातल्या साध्या गाड्यांत प्रवास फुकट. पण कर्नाटकचा रहिवासी असल्याचा पुरावा दाखवायचा आणि शून्य रुपयाचं तिकीट घ्यायचं. आता आमच्या भागात एका आईच्या दोन मुली, एक उचगावात दिलेली, एक पलीकडे महाराष्ट्रात, शिनोळीत. दोघी बाचीला एकत्र गाडीत बसतात, बाजाराला बेळगावला येतात. एकीला शून्याचं तिकीट, दुसरीला पूर्ण. दुसरी म्हणते, आमच्या लाल गाडीत अर्धं तिकीट हाय, हितं पूर्ण कसं? कारण तिकडे मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. तिचं म्हणणं माणूस म्हणून शंभर टक्के बरोबर. हद्द कंडक्टरनं आखलेली नाही. तरी सत्तर माणसांच्या गर्दीत, एका हातानं दांडा धरून, दोन बहिणींपैकी परकी कुठली हे त्यानंच सांगायचं.

आणि शून्याचं तिकीट न घेता बाई उतरली तर? चेकिंग आलं तर मेमो कंडक्टरला. म्हणून तो मागे लागतो, "अव्वा, तिकीट तगोरी," आणि ती वैतागते, फुकटचं तिकीट कशाला रे, चोर समजतोस काय. पुढच्या स्टॉपच्या आत सगळ्यांची तिकिटं फाडून झालेली हवीत. आता फाडायची नसतात, मशीन आहे, पण शब्द तोच राहिलाय. मागे चेकर, पुढे प्रवासी, मधे हा. मला पायाखालच्या बटणाचा माझा मेमो आठवला.

चिल्लरीचं म्हणाल तर तिथं खरंच फरक पडलाय. गाडीत क्यूआर कोड आला, लोक मोबाईलवरून पैसे देतात. पाच रुपयांसाठी स्टँडपर्यंत भांडत येणारी माणसं कमी झाली. कुणी लाठी घेऊन उभं राहिलं नाही, कुठलं कलम वाढवलं नाही. भांडणाचं कारणच पिशवीतून काढून घेतलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, आणि ह्याची बातमी होत नाही.

कलमं आपल्याकडे कमी नाहीत. दवाखान्यातल्या माणसांवरच्या हल्ल्यांसाठी कर्नाटकानं २००९मध्ये वेगळा कायदा केला, महाराष्ट्रानं २०१०मध्ये: तीन वर्षं कैद, पन्नास हजार दंड, नुकसानीच्या दुप्पट भरपाई. ३५३ची शिक्षा महाराष्ट्रानं २०१८मध्ये पाच वर्षांवर नेली. म्हणजे काही वर्षं अशी होती की तलाठ्याची कॉलर शिनोळीत धरली तर पाच वर्षं आणि उचगावात धरली तर दोन. १ जुलै २०२४पासून नवी न्याय संहिता आली, ३५३चं १३२ झालं. पण पेट्रोल पंपावरचा पोरगा, मेडिकल दुकानातली मुलगी, पार्सल घेऊन येणारा, ह्यांना कुठलंच खास कलम नाही. त्यांच्या कानाखाली वाजवली तर ती साधी मारामारी. मार मात्र सगळ्यांत जास्त तेच खात असतील असा माझा अंदाज आहे.

ह्या सगळ्या कायद्याच्या जंजाळात मला पटलेली गोष्ट एकच, आणि ती कायदा नव्हे, पत्रक आहे. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या डॉक्टर मुलीचं भयानक प्रकरण झाल्यावर केंद्राच्या आरोग्य खात्यानं आपल्या रुग्णालयांना कळवलं की कामावरच्या कर्मचाऱ्यावर हल्ला झाला तर सहा तासांच्या आत संस्थेच्या प्रमुखानं, संस्थेच्या नावानं, एफआयआर द्यायचा. सहा तास वगैरे सोडा. संस्थेच्या नावानं, हे दोन शब्द. २०१६च्या त्या संध्याकाळी ते असते तर चहा पाजायला आलेल्या चौघांना मला विनवता आलं नसतं, कारण मिटवायचं माझ्या हातात नसतं. त्यांनी मॅनेजरकडे जावं, मॅनेजरनं वर बोट दाखवावं, आणि मी घरी जाऊन मनगट शेकावं. मार खाल्लेल्या माणसाला उदार व्हायला न लावणं हे केवढं मोठं संरक्षण आहे!

दुसरी गोष्ट आम्ही स्वतःच शोधली होती, बांगड्या फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी. शिपाईमामांनी डोकं लावलं. सकाळी शाखा उघडायच्या आधीच दारावर फळा टांगला: आज एवढी रोकड आली आहे, एवढ्यांना पुरेल. दोन्ही भाषांत, खडूनं. आणि तेवढीच टोकनं वाटली. टोकन न मिळालेले शिव्या देत घरी गेले, पण सकाळी आठला गेले. दुपारी तीनला काचेपाशी येऊन 'संपली' ऐकायची पाळी आली नाही. त्यानंतर माझ्या काचेवर कुणी हात आपटला नाही. खर्च किती? एक फळा, तो शाळेतून उसना आणलेला.

आता जे लिहिणार आहे ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आमच्या ह्यांनाही नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी ह्यांना छातीत दुखलं म्हणून शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. रात्रीचे दोन. आत घेतलं, मी बाहेर. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आधी पन्नास हजार भरा, मग पुढचं. कार्ड चालेना, मशीन बंद. रोख माझ्याकडे आठ हजार. मी म्हटलं, सकाळी भरते, मी बँकेत होते, माझी पेन्शन आहे. ती म्हणाली, "सिस्टीम घेत नाही, मॅडम." मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. बावीस-तेवीस वर्षांची, मराठी बोलणारी, मागे एकाच पिनेनं केस वर बांधलेले. मी काचेवर हात आपटला. तळहातानं, जोरात. काय बोलले ते लिहवत नाही. "तू कोण?" हे नक्की बोलले.

ती उलट काही बोलली नाही. तिनं फक्त समोरचं स्टेपलर उचललं आणि खणात ठेवलं. मग पेनस्टँड. माझ्याकडे न बघता, सावकाश, सवयीनं.

मी तिथंच खुर्चीवर बसले. त्या खोलीत जपून राहायला लावणारी वस्तू मी होते. तिच्या डोक्यातही खिडकीतून हात किती आत येतो त्याचं माप असणार, आणि ते ती आता माझ्या हाताशी ताडून बघत होती. तिच्या मागे भिंतीवर कायद्याची पाटी होती, तीन वर्षं, पन्नास हजार दंड, बिनजामीन. पाटी मला दिसली ती हात आपटल्यानंतर. आधी मला दिसत होती फक्त 'नाही' म्हणणारी पोरगी. पैसे आधी मागायचे हे तिनं ठरवलं नव्हतं. ज्यांनी ठरवलं ते रात्री दोनला झोपलेले होते, आणि त्यांच्यापर्यंत जायला खिडकी नव्हती. माझ्या मनगटापर्यंत आलेला तो माणूस मला पहिल्यांदा आतून कळला. कळला म्हणून त्याचं बरोबर होतं असं नाही. माझंही नव्हतं.

पहाटे जाऊन तिला सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "रोजचंच आहे, काकू." पाळी बदलत होती, तिनं खणातून स्टेपलर काढून पुढच्या मुलीसाठी टेबलावर ठेवलं. पुढच्या मुलीनं येऊन बसल्या-बसल्या ते परत खणात टाकलं.

अक्कांच्या थोरल्याला मागच्या आठवड्यात पायाखालच्या बटणाची गोष्ट सांगितली. तो कट्ट्यावर बसून बॅगेतली नाणी एकावर एक रचत होता, दहाच्या चवड्या. पूर्वी चवड्या वीस-पंचवीस व्हायच्या, आता सहा-सात होतात, क्यूआरमुळे. मेमोचं ऐकून तो मोठ्यानं हसला.

"गाडीत आहे की, काकू. नवीन गाडीला लाल बटण असतंय. खांबाला."

"मग मार पडायला लागला तर दाबायचं."

"ते प्यासेंजरसाठी." त्यानं एक चवड बोटानं सरळ केली. "मी विचारलो आमच्या कंट्रोलरला. दाबलं तर कोण येणार? तो म्हणाला, आधी दाबू नको. मग बघू."

आतून अक्कांनी हाक मारली, ऊट आरतद, बा. जेवण निवायला लागलं होतं. त्यानं नाणी ओंजळीनं बॅगेत भरली, उद्या पहिली फेरी पावणेसहाची होती.